जाऊबाईंकडे पूर्ण कानाडोळा

८ एप्रिल

आदरणीय जाऊबाई,

पेन खाली ठेवून दोन्ही हातांनी नमस्कार केला, मग पेन पुन्हा उचललं. तुम्हाला तिथून दिसणार नाही म्हणून लिहून कळवते.

काल दुपारी फोन केला होता. तुम्ही उचललात, "राँग नंबर" म्हणालात, तेवढ्यात मला ठसका लागला तर "आणि खोकल्याला काहीतरी घ्या" असंही म्हणालात, आणि ठेवून दिलात. जाऊबाई, राँग नंबरच्या खोकल्याची एवढी काळजी कुणी करत नाही. म्हणून हे पत्र. फोनसारखं ते बंद करता येत नाही. टेबलावर टाकलंत तरी तिथेच पडून राहील.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिकवायच्या की पत्रात आधी प्रकृती, मग हवा आणि शेवटी मुद्दा. आज मी उलटं करते. तुमच्या शेजारच्या नर्सबाईंकडून कळलं की तुम्ही कुठल्याशा वृद्धनिवासात खोली घेतली आहे आणि एक जूनला तिथे राहायला जाणार आहात. नर्सबाई म्हणाल्या, खोलीला खिडकी आहे. जाऊबाई, आमच्या घराला नऊ खिडक्या आहेत. ती खोली रद्द करा आणि इथे या. सुट्टीपुरतं नाही, कायमचं. मला एवढंच म्हणायचं आहे. बाकीचं पत्र नाही वाचलंत तरी चालेल, पण वाचा.

भावजी असताना आणि ते गेल्यावरही, तुमच्या शाळेला सुट्टी लागली की दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या दारात. सत्तावीस उन्हाळे. मी नवी नवरी होते तेव्हापासून. तुम्ही मराठी शिकवणाऱ्या बाई आणि मी कॉन्व्हेंटची. "मी आंघोळ घेतली" म्हणाले की तुम्ही म्हणायचात, "कुठून घेतलीस? आंघोळ करतात." माझ्या मराठीला तुम्ही बोट धरून चालायला शिकवलंत. आणि तुम्ही आलात की मला दुपारची झोप मिळायची. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या दुपारच्या झोपा तुमच्यामुळे आहेत.

मग दोन वर्षांपूर्वी तुम्ही आठ दिवस आधीच निघालात. "शाळेत काम निघालं आहे" म्हणालात. तुमची बस गेल्यावर माझ्या लक्षात आलं की तुम्हाला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती.

तेव्हाही मी पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. त्यात काही कमी राहिलं असेल म्हणून तेच पुन्हा लिहिते. तुम्ही या. तुमच्या खाण्यापिण्याकडे, औषधांकडे, उठण्याबसण्याकडे मी पूर्ण कानाडोळा करीन. हेसुद्धा करतील. मुलंही करतील. तुमच्याकडे कानाडोळा करणारी चार माणसं या घरात असताना तुम्ही परक्या ठिकाणी का जावं?

तुमची,
धाकटी जाऊ

१७ एप्रिल

आदरणीय जाऊबाई,

उत्तर नाही. हरकत नाही, मी वाट पाहू शकते. घरी असणाऱ्या बाईला दुसरं काय येतं!

सुट्टी लागली. म्हणजे त्यांची. माझा तर हंगाम सुरू झाला. धाकटी अकरा वर्षांची झाली, दर सात मिनिटांनी येऊन विचारते, "आता काय करू?" सात म्हणजे सातच. ह्यांच्या दुकानातल्या घड्याळांवर मोजलं आहे. पुढच्या खोलीत घड्याळांचं दुकान असण्याचा हा एक तोटा, आपला दिवस कसा गेला ते मिनिटासकट कळतं. थोरला कॉलेजच्या वसतिगृहातून आला आहे. बारा वाजता उठतो, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो आणि विचारतो, "हा नाश्ता आहे की जेवण?" मी म्हणते, "तुझ्यावर आहे." दुपारी फ्रीजचं दार उघडून त्याच्यासमोर खुर्ची टाकून पुस्तक वाचतो. मी ओरडले तर म्हणाला, "आई, मी काही घेत नाहीये, फक्त बसलोय."

हे तसेच. सकाळी डोळ्याला भिंग लावतात ते संध्याकाळी काढतात. मी मागे उभी राहून दिवसभराचं सगळं सांगते, ते भिंगातून बघत "हं" म्हणतात.

बाकी सगळं ठीक आहे. एक किरकोळ गोष्ट झाली. थोरल्याला वाटलं आईला मदत करावी, म्हणून त्याने यंत्रात कपडे टाकले. ह्यांच्या शर्टाच्या खिशात एका गिऱ्हाइकाचं घड्याळ होतं. बस कंडक्टर होते ना, कोपऱ्यावरचे, त्यांचं. तीन आठवडे हे त्या घड्याळापुढे बसले होते, चालत नव्हतं. साबणाच्या पाण्यात चाळीस मिनिटं गरगर फिरून, पिळून बाहेर आलं ते टिकटिक करत.

"कुणी धुतलं हे?" ह्यांनी विचारलं. एवढ्या मोठ्याने मी त्यांना लग्नातही बोलताना ऐकलं नव्हतं.

"मी," थोरला म्हणाला. "पण बाबा, चालू झालं ना!"

"प्रश्न चालू होण्याचा नाही."

"मग कशाचा आहे?"

ह्यांनी घड्याळ उघडून भिंगाखाली धरलं. दोन दिवसांनी कंडक्टर आले, घड्याळ कानाला लावलं आणि म्हणाले, "वा! काय हात आहे तुमचा!" हे म्हणाले, "हं." कंडक्टर दारापर्यंत गेले, मनगटाचा वास घेतला, मागे वळून पाहिलं आणि तसेच निघून गेले. भला माणूस.

तुमची खुर्ची तशीच ठेवली आहे, पंख्याखाली. कुणालाही तिच्यावर बसू देत नाही.

खोली रद्द केलीत का?

तुमची,
धाकटी जाऊ

२९ एप्रिल

आदरणीय जाऊबाई,

सिस्टर म्हणायच्या, पत्रात खोटं लिहायचं नाही. सगळं लिहायलाच हवं, असंही त्या म्हणाल्या नव्हत्या. या फटीतून मी पुष्कळ पत्रं लिहिली. आज फट बुजवते.

काल धाकटीने तुमच्या खुर्चीवर चादर टाकून तंबू केला. मी रागावले. "ती मोठ्या काकूंची खुर्ची आहे, उतर खाली."

ती म्हणाली, "काकू कुठे बसायच्या त्याच्यावर?"

"कुठे म्हणजे? दिवसभर बसायच्या."

"तू असलीस की बसायच्या. तू बाहेर गेलीस की उठायच्या, स्वयंपाकघरात जायच्या. डबे पुसायच्या. तुझी चप्पल वाजली की पटकन येऊन बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, सांगू नकोस."

"मग आता का सांगितलंस?"

"दोन वर्षं झाली, आई."

मला काही कळेना. खुर्ची टोचत होती का तुम्हाला? मी उशी बदलून ठेवली आहे, कापसाची घातली आहे. पाठीला अजून एक हवी असेल तर तेही करू.

आणि तो काचेचा जग. मला शाळेत शिवणकामात बक्षीस मिळालेला, निळ्या काठाचा. तो तुमच्या हातून पडला तेव्हा मी एक अक्षर तरी बोलले का? नाही बोलले. फक्त बाकीची काच वरच्या फळीवर नेऊन ठेवली. तुमचा हात थरथरायला लागला होता, म्हणून. मग तुम्हाला पाण्यासाठी तो स्टीलचा पेला दिला. दोन कानांचा. धाकटी लहान असताना ज्यातून दूध प्यायची तो. आता लिहिताना जरा कसंतरी होतंय, पण तेव्हा मला फार सोयीचं वाटलं होतं.

आणि शेंगा. तुम्ही शेंगा निवडायला बसलात आणि मी तुमच्या हातातून सुरी काढून घेतली. म्हटलं, "तुम्ही बसा हो, इतकी वर्षं केलंत, आता आम्ही आहोत ना." तुम्ही सुरी लगेच दिलीत. एवढ्या लगेच तुम्ही मला कधी काही दिलं नव्हतं. मी त्या शेंगा निवडत राहिले आणि तुम्ही तुमच्या हातांकडे बघत राहिलात.

पण मी हे सगळं जीव लावून केलं, जाऊबाई. तेव्हा त्यात राग येण्यासारखं काही असेल असं मला वाटत नाही. वाटतं का तुम्हाला? वाटत असेल तर एक ओळ लिहा. एक जूनला फक्त एक महिना उरला आहे.

तुमची,
धाकटी जाऊ

९ मे

आदरणीय जाऊबाई,

आज जे झालं ते लिहून मी दिवाणखान्यातल्या जमिनीच्या पोटात जाणार आहे. पत्र तुम्हाला पोचेलच, मी सापडेन की नाही सांगता येत नाही.

आज धाकटीचा निकाल होता. वर्गशिक्षिकेने मला थांबवून घेतलं. पोरसवदा मुलगी आहे, आपल्या थोरल्याहून चारपाच वर्षांनी मोठी असेल. मला बाकावर बसवलं, दार लोटलं. टेबलावर धाकटीचा मराठीचा पेपर.

"घरी सगळं ठीक आहे ना?" तिने विचारलं.

"छान आहे," मी म्हटलं.

"तुम्ही नोकरी करता?"

"नाही, मी घरीच असते."

"दिवसभर?"

"दिवसभर. आणि तिच्याकडे पूर्ण कानाडोळा करते. तुम्ही अगदी निश्चिंत असा."

तिच्या हातातलं पेन थांबलं. "कधीपासून?"

"जन्मली तेव्हापासून! मोठ्याकडेही असाच केला. लोक म्हणायचे, इतका नको करूस. पण मी म्हटलं, आईने नाही करायचा तर कुणी?"

"आणि... तिचे बाबा?"

"ते माझ्याकडे करतात," मी म्हटलं. सांगताना थोडी लाजलेही. "एकोणतीस वर्षं झाली."

मुलगी उठली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली. मग तिने पेपर माझ्यापुढे सरकवला. 'वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा : कानाडोळा करणे.' धाकटीने एक वाक्य मागितलं असताना तीन लिहिली होती. 'माझी आई दिवसभर घरी असते आणि माझ्याकडे कानाडोळा करते. बाबा आईच्या बोलण्याकडे कानाडोळा करतात. असे आमचे कुटुंब सुखी आहे.'

"बरोबर आहे की," मी म्हटलं.

त्या मुलीने कपाटातून शब्दकोश काढला, पान उघडलं आणि बोट ठेवलं. चष्मा घरी होता, म्हणून तिलाच वाचून दाखवावं लागलं. तिने फार हळू आवाजात वाचलं. दुर्लक्ष करणे. पाहिले न पाहिल्यासारखे करणे.

जाऊबाई, मला वाटायचं कान आणि डोळा. दोन्ही लावायचे. एक कान, एक डोळा, म्हणजे सगळं लक्ष तिकडेच! यात चुकण्यासारखं काय आहे, सांगा. उलट शब्दच चुकला आहे.

मी वाट चालत आले ती कशी आले मला माहीत नाही. एकेक आठवत होतं. वर्तमानपत्रात यायचं, 'रस्त्यावरील खड्ड्यांकडे अधिकाऱ्यांचा कानाडोळा', आणि मी म्हणायचे, बिचारे एवढं करतात तरी खड्डे बुजत नाहीत. शेजारच्या शिंपीणबाईंच्या सुनेला मी लग्नात सांगितलं होतं, "सासूकडे सतत कानाडोळा कर, सुखी होशील." ती खरंच फार सुखी आहे.

दुकानात गेले. हे भिंग लावून बसले होते.

म्हटलं, "लग्नाच्या पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, मी बोलते ते तुम्ही ऐकता का? तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात?"

"काय?"

"म्हणालात, मी तुझ्या बोलण्याकडे कानाडोळा करतो."

ह्यांनी भिंग काढलं. दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी खरंच सांगितलं होतं," म्हणाले. "तू हसलीस. मला वाटलं, काय समजूतदार बायको मिळाली आहे."

मी आत आले. थोरला फ्रीजसमोर बसून हसत होता, पुस्तक तोंडावर धरून. त्याला माहीत होतं, जाऊबाई. सहावीपासून माहीत होतं. म्हणतो, "मला वाटलं आई विनोद करते."

आणि मग मला तुम्हाला लिहिलेलं पत्र आठवलं. दोन वर्षांपूर्वीचं. आणि या आठ एप्रिलचं. 'तुमच्या औषधांकडे पूर्ण कानाडोळा करीन.' 'कानाडोळा करणारी चार माणसं.'

पुढे लिहवत नाही. उद्या लिहिते.

तुमची,
(अजून म्हणू का?)

१० मे

आदरणीय जाऊबाई,

काल रडले, आज शुद्धीवर आहे. साधं लिहिते.

मला लिहायचं होतं की तुमच्याकडे लक्ष देईन. जीव लावून लक्ष देईन. मी त्याच्या बरोबर उलटं लिहिलं, तेही दोनदा. ज्यांनी मला मराठी शिकवलं त्यांनाच. तुम्ही ते टोमणा म्हणून घेतलंत यात तुमची काही चूक नाही. शिकलीसवरलेली बाई असा शब्द चुकून लिहील, यावर कोण विश्वास ठेवील? आता मला कळलं तुम्ही फोनवर मला राँग नंबर का म्हणता. बरोबरच म्हणता.

मी शाळेत इतकी पदकं मिळवली, शिवणकाम, सुलेखन, नीटनेटकेपणा. आमच्या शाळेच्या लांब व्हरांड्याला मेणाचा वास यायचा, आणि सिस्टर म्हणायच्या, मुलींनो, जो शब्द पुरता माहीत नाही तो ओठांवर आणू नका. मी त्यांची आवडती होते. त्या मला आता कुठूनतरी बघत असतील तर त्यांनी आज तोंड फिरवावं, अशी विनंती आहे.

खोलीबद्दल काही म्हणण्याचा मला आता अधिकार नाही. तरी म्हणते. जाऊ नका.

तुमची,
धाकटी जाऊ

१५ मे

(हे पत्र जाऊबाईंचं आहे. पेन्सिलने, मोठ्या अक्षरात, एका ओळीत चार शब्द. मला परत परत काढून वाचायला लागू नये म्हणून माझ्या पत्रांच्या वहीत उतरवून ठेवलं.)

अगं ए,

अक्षराला हसायचं नाही. चौतीस वर्षं मी मुलांचे अक्षरासाठी दोन गुण कापत आले. आता माझंच असं झालं आहे. म्हणून लिहीत नव्हते. तू पाठवलेल्या प्रत्येक पत्राला मनात उत्तर दिलं आहे. ते तुला पोचलं नसेल तर टपालखात्याची चूक.

तुझ्या कानाडोळ्याबद्दल. मला तो एकवीस वर्षांपासून माहीत आहे. थोरला सव्वा महिन्याचा होता. तू डोळ्यांखाली काळं घेऊन पाळण्यापाशी बसली होतीस आणि मला म्हणालीस, "जाऊबाई, मी बाळाकडे रात्रंदिवस कानाडोळा करते." मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोट धरून हसले. परत आले ते चूक दाखवायला. पण तुझा चेहरा इतका अभिमानाने फुलला होता की माझी जीभ उचलली नाही. वर्गात असते तर उचलली असती. पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. मग मला तो तसाच आवडायला लागला. तुझी पत्रं वाचून मी त्या शब्दाची वाट बघायचे. तेव्हा उगाच रडू नकोस.

मी निघाले ती शब्दामुळे नाही. खुर्चीमुळे निघाले.

तू शिंपीणबाईला सांगत होतीस, "आम्ही त्यांना इकडची काडी तिकडे करू देत नाही." किती प्रेमाने सांगत होतीस. मी आत बसून ऐकलं. मी जन्मात कुणाकडे बसून खाल्लं नाही. दोन कानांच्या पेल्यातून पाणी कधी प्यायले नव्हते, तेव्हा प्यायले. जग फुटला तेव्हा तू रागावली असतीस तर बरं झालं असतं. तू फार गोड हसलीस.

त्या वृद्धनिवासात बागेला पाणी घालायला देतात. मी विचारून घेतलं आहे.

तुझ्याकडे यायचं तर मला काम पाहिजे. खरं काम. माझ्यासाठी काढलेलं नको, ते मला लगेच कळतं, शाळेत आम्ही निरीक्षक आले की तसं काढायचो. आणि माझ्या हातून सांडलं, फुटलं, तर तिकडे तू कानाडोळा कर. शब्दकोशातला. तो तुला जमेल का, याची मला शंका आहे, कारण तू दुसराच करत आलीस.

धुतलेलं घड्याळ अजून चालतं का?

— मोठी

१८ मे

जाऊबाई,

आदरणीय लिहायला वेळ नाही. टपालवाला अकराला येतो.

घड्याळ चालतं. दिवसाला दोन मिनिटं पुढे जातं. कंडक्टर म्हणतात, बरंच आहे, जरा आधी भूक लागते.

काम सांगते. खरं काम. तुमची परीक्षा आहे म्हणून एकही खोटं लिहीत नाही.

धाकटीचं मराठी. ते काय झालं आहे ते तुम्ही वाचलंच. तिला ते माझ्याकडून लागलं आहे, म्हणजे आणखी किती शब्द उलटे बसले असतील देव जाणे. काल ती मला म्हणाली, "आई, तू माझ्या डोळ्यांत खुपतेस." तिला वाटलं, मी छान दिसते. मी म्हटलं, "थँक यू." मग दोघींनी शब्दकोश काढला.

थोरला. त्याला बाराच्या आत उठवणं. मी हरले आहे, हे तर शर्यतीतच नाहीत. तुमचा वर्गातला आवाज अजून असेल तर घेऊन या.

शेंगा. या उन्हाळ्यात मी शेंगा आणणंच सोडलं होतं. त्या निवडायला बसले की मला ती दुपार आठवायची. काल पुष्कळ आणल्या. टोपलीत आहेत, सुरी शेजारी आहे, बोथट नाही, माझीच आहे. तुम्ही शुक्रवारपर्यंत आला नाहीत तर त्या सुकतील, आणि दोष तुमचा.

आणि दुपारी दोन ते तीन घर सांभाळणं. मला झोपायचं आहे. दोन वर्षं झोपले नाही. धाकटीच्या "आता काय करू"ला कुणीतरी उत्तर द्यायला हवं. हे सगळ्यात अवघड काम आहे, मी शेवटी लिहिलं, नाहीतर तुम्ही आला नसतात.

काच खालच्या फळीवर आणली आहे. चार पेले, दोन वाडगे. फुटायचं ते फुटेल. तो दोन कानांचा पेला मोलकरणीला देऊन टाकला, तिच्या नातवासाठी. खुर्ची ह्यांनी दुकानात नेली. गिऱ्हाइकं बसतात तिच्यावर, आणि उठत नाहीत, ही नवीनच अडचण झाली आहे.

शब्दकोशातला कानाडोळा मला जमेल की नाही ते मला माहीत नाही. माझं मन तिकडेच असणार, हात पुढे होणार. हात पुढे झाला तर त्याच्यावर मारा. तुम्हाला तो अधिकार आहे, वयाने आणि शाळेने.

शुक्रवारी दुपारची बस. थोरला थांब्यावर येईल. म्हणजे, उठला तर.

तुमचीच

२७ मे

मा. व्यवस्थापक,
वृद्धनिवास, यांस

विषय : खोली रद्द करण्याबाबत.

महोदय,

माझ्या मोठ्या जाऊबाई शेजारी बसून सांगत आहेत आणि मी लिहिते आहे. म्हणून अक्षर माझं आणि वाक्यं त्यांची. जिथे वाक्य बिघडेल तिथे ते माझं समजावं.

एक जूनपासून माझ्या नावे जी खोली राखून ठेवली होती ती कृपया दुसऱ्या गरजू व्यक्तीला द्यावी. तिला खिडकी आहे हे त्या व्यक्तीला आवर्जून सांगावं. (हे वाक्य मी घातलं. त्या म्हणतात, राहू दे.)

आपण सोबत पाठवलेल्या छापील कागदावर 'रद्द करण्याचे कारण' या रकान्यात 'आजारपण', 'निधन' आणि 'इतर' असे तीन पर्याय आहेत. आम्ही 'इतर'वर खूण केली आहे. त्यापुढे तपशील लिहा असं आहे. मी 'कुटुंबीयांच्या प्रेमळ आग्रहास्तव' असं लिहिलं होतं. जाऊबाईंनी ते खोडायला लावलं. म्हणाल्या, असं लिहिलंस तर त्यांना वाटेल मला धरून ठेवलं आहे. मग मी 'घरी आनंदात असल्यामुळे' लिहिलं. तेही खोडलं. म्हणाल्या, ही काय रेडिओवरची शुभेच्छा आहे? रकाना खोडाखोडीने भरला आहे, त्याबद्दल क्षमस्व. 

कारण त्या सांगणार होत्या, एवढ्यात आतून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. त्या इथेच होत्या, म्हणजे ते मुलांपैकी कुणीतरी. त्या बघायला गेल्या. मी उठले नाही. बाहेर दुकानात माझ्या यजमानांनीही भिंग काढलं नाही, पण त्यांना त्याची सवय आहे.

आतून आवाज येतो आहे. माझा थोरला मुलगा म्हणतो आहे, "काकू, मी उठलोय, शपथ, हा मीच उभा आहे." धाकटी म्हणते आहे, "आता काय करू?" आणि जाऊबाई म्हणताहेत, "आधी झाडू आण, मग हा शब्द लिही दहा वेळा, मग त्या शेंगा घे, आणि मध्ये बोलू नकोस, मला तिकडे पत्र अर्धं टाकून यावं लागलं आहे."

मी त्यांना इथूनच विचारलं, "जाऊबाई, कारण काय लिहू?"

त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते, एकही शब्द माझा नाही.

कारण : वेळ नाही.

छापील कागदावरची सही त्यांची आहे. सही करायला त्यांना पंधरा मिनिटं लागली आणि मी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत होते. ती वेडीवाकडी असली तरी त्यांचीच आहे. पडताळून पाहायला कुणी येणार असल्यास दुपारी दोन ते तीनमध्ये येऊ नये. त्या वेळी त्या कामात असतात आणि मी झोपलेली असते.

आपली विश्वासू,
त्यांची धाकटी जाऊ